लाल पट्टी, पांढरी पट्टी

माझ्या नवऱ्याच्या काळजाशी माझं काळीज जुळत नाही, हे सरकारने मला कळवलं तेव्हा मी कोलंबी सोलत होते. फोन वाजला, तशाच हाताने उचलला आणि वाचलं: 'सोबत योजना. लाभार्थी: गौरेश कुबल. प्रस्तावित सोबती: संयोगिता कुबल, पत्नी. मेळ: एकवीस. किमान आवश्यक: साठ. आपण सोबती म्हणून अपात्र आहात.' बारावीला गणितातसुद्धा मला एवढे कमी पडले नव्हते. आणि गणिताशी मी संसार केला नव्हता.

खाली आणखी एक ओळ होती. 'नोंदीतील पात्र सोबती: लवू मेतर. मेळ: एक्क्याण्णव.'

फोन मी पाटावर आपटला. लवू मेतर हे नाव आमच्या घरात कोणी काढत नसे. चुकून निघालंच तर गौरेश ताटावरून उठून जायचा.

मी मूळची गडहिंग्लजकडची. लग्न करून शिरवेळला आले, समुद्राकाठच्या या वाडीत खानावळ घातली, मासे साफ करायला शिकले, तरी गावाच्या लेखी मी अजून घाटीणच. तेव्हा हे मेळाचं प्रकरण मला समजलं तसं सांगते.

आपलं हृदय घड्याळासारखं एकसारखं चालत नाही. श्वास घेतला की दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित कमी होतं, सोडला की वाढतं. मेंदूपासून काळजापर्यंत एक लांब नस उतरते, ती ब्रेकचं काम करते. भीतीचा, उन्मादाचा झटका येतो तेव्हा हा ब्रेक सैल पडतो आणि माणूस उतारावरच्या गाडीसारखा सुटतो. पुण्याच्या एका प्रयोगशाळेने यात एक गोष्ट शोधून काढली. वर्षानुवर्षं एका लयीत काम केलेली दोन माणसं जवळ आली, की त्यांच्या ठोक्यांमधली अंतरं हळूहळू बरोबरीने कमीजास्त व्हायला लागतात. एकाचा ब्रेक सैल असेल तर तो दुसऱ्याचा उसना घेतो. औषधाशिवाय, दोराशिवाय माणूस थोडा शांत होतो, दवाखान्यापर्यंत टिकतो. यालाच त्यांनी नाव दिलं मेळ, आणि मनगटावरच्या पट्टीने तो मोजायची सोय केली.

त्याआधी काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अपघात झाला, बाळंतपण अडलं, तर सरकारी गाडी यायची. मन फिरलं तर घरच्यांनी टेम्पो करायचा आणि चार माणसांनी हातपाय बांधून न्यायचं, नाहीतर पोलिसांची जीप. विधिमंडळात दरवर्षी कोणीतरी प्रश्न विचारी आणि दरवर्षी 'शासन विचार करत आहे' असं उत्तर मिळे. मेळ सापडला आणि शासनाचा विचार एकदम पूर्ण झाला, कारण आता हातात आकडा आला होता. ज्याला आकडा नाही त्याला अनुदान नाही, हे तिथलं ब्रह्मवाक्य.

तर योजना आली. बिनड्रायव्हरची विजेची गाडी; ड्रायव्हरच्या पगाराचे पैसे सोबत्याच्या बुडालेल्या रोजगारापोटी. गाडीत जागा दोन. लाल पट्टी रुग्णाच्या मनगटाला, पांढरी सोबत्याच्या. अटी तीन: लाल पट्टीने संकट दाखवलं पाहिजे, दोघांचा मेळ साठाच्या वर पाहिजे, आणि दोघांनी स्वतःच्या पायांनी गाडीत चढलं पाहिजे. बळजबरी दिसली की दार बंद. गावाने गाडीचं नाव ठेवलं 'खुळ्यांची गाडी'. नाव ठेवण्यात शिरवेळचा हात कोणी धरणार नाही.

आता चूक कुठे झाली तर आमच्याच वाळूत. मेळ मोजायचा होता शाळेत, घरच्या माणसांनी शेजारीशेजारी शांत बसून. पण घरोघरी आरोग्याचं बघणाऱ्या आमच्या मनाली आशाताईला सगळा गाव एका जागी सापडणार कुठे? रापणीच्या दिवशी. रापण म्हणजे मोठं जाळं. होडीतून समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याचे दोन दोर किनाऱ्यावरून दोन टोळ्या ओढतात. एक टोळी जोरात ओढायला लागली की जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. म्हणून दोन टोकांचे दोन म्होरके एकमेकांवर नजर ठेवून, एका दमात ओढतात. मनालीने त्याच दिवशी सगळ्यांच्या मनगटांना पट्ट्या बांधल्या. निकाल आला तेव्हा गावभर हसू झालं: एकाही पुरुषाचा मेळ बायकोशी नाही, सगळ्यांचा दोरावरच्या माणसाशी. गौरेश एका टोकाचा म्होरका, लवू दुसऱ्या टोकाचा.

तेव्हा मीही हसले होते. मग त्याच वर्षी गौरेशचं मन पहिल्यांदा सुटलं. गाडी अजून आमच्या तालुक्यात आली नव्हती. टेम्पो आला, काथ्याचा दोर आला, आणि ज्यांनी त्याला बांधलं त्यांत लवू पुढे होता. नंतर लवू रापण सोडून पर्ससीनच्या मोठ्या बोटीवर तांडेल झाला, म्हणजे बोटीचा मुख्य. या बोटी समुद्रातली मासळी घेरून नेतात आणि रापणीला पाणी तेवढं उरतं. माझ्या मते वैराला एवढं पुरेसं होतं. मी पर्ससीनचा मासा खानावळीत शिजवायचा बंद केला, आणि लवू समोरून आला तर रस्त्याची बाजू बदलायला लागले.

पुन्हा मेळ मोजून घ्यायला गेले तीही याच रागातून. आम्ही दोघं शाळेत शांत बसलो. शांत कसलं, खानावळीत डाळ करपत असेल या काळजीत मी बसले होते. मिळाले एकवीस.

*

फाल्गुन लागला होता. गौरेशची झोप आठवडाभर उडाली होती. गोळ्या त्याने बरं वाटतंय म्हणून बंद केल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्या सकाळी मी नारळ खवत होते आणि मनाली धापा टाकत दारात आली.

"वयनीनू, बेगीन चला! दादा वेळेर आसत. एकट्यानच रापण टाकल्यानी हा!"

वेळ म्हणजे किनारा. मी विळी तशीच टाकून पळाले.

गौरेश कंबरभर पाण्यात उभा होता. पहाटे एकट्याने होडी वल्हवून त्याने जाळं सोडलं होतं. एक दोर कमरेभोवती गुंडाळलेला, दुसरा दोर वाळूत लोळत पडलेला, त्याला कोणीच धरलेलं नाही. भरती लागली होती. जाळ्यात पाणी भरत होतं आणि प्रत्येक लाटेबरोबर तो एकेक पाऊल आत ओढला जात होता.

"संयोगी, म्हागे जा!" तो ओरडला. "आख्खो गाव जाळ्यात आसा! मी सोडलंय तर सगळे बुडतले!"

"अहो, गाव इथं वाळूत उभं आहे. बघा तरी!"

त्याने वळून बघितलं. अर्धा गाव खरंच उभा होता, कोणी फोन धरून, कोणी कमरेवर हात ठेवून.

"ह्यो गाव नाय," तो म्हणाला. "हे बघूक इलेत."

मी पदर खोचला आणि पाण्याकडे निघाले.

बाबलकाका काठी टेकत पुढे आले. गावचं वय झालेलं माणूस, त्यांचा शब्द कोणी मोडत नाही. "गे घाटणी, वायच बाजूक हो. काथ्याचो दोर हाडलो हा. चार जाण पाण्यात उतारतले, बांधून टेम्पोत घालतले, काम झाला. मागच्या खेपेक तसोच नेललो मां?"

"मागच्या वेळचे वळ अजून त्यांच्या मनगटावर आहेत, काका. आणि आज तुम्ही पाण्यात उतरलात, की ते आत जातील. किनाऱ्याकडे नाही येणार."

काकांनी काठी मागे घेतली, कारण ते खरं होतं. मनालीने एव्हाना गाडी मागवली होती. वाळूच्या कडेला, सुरूच्या झाडांखाली ती पांढरी गाडी येऊन थांबली आणि सरकारी बाईच्या आवाजात म्हणाली, "नमस्कार. कृपया पात्र सोबत्यास उपस्थित ठेवावे."

मनालीने माझ्याकडे बघितलं. मी लवूला फोन लावला. नंबर मी कधी काढून टाकला नव्हता, याचं मलाच नवल वाटलं.

*

लवू जेट्टीवरून स्कूटरने आला. बोट निघायच्या तयारीत होती, अंगावर अजून रबरी एप्रन होता. वाटलं होतं तेवढा तो माजलेला दिसला नाही. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"काय करूचा आसा, वयनी? तेवढा सांगा."

मनालीने त्याच्या हाताला पांढरी पट्टी बांधली आणि लाल पट्टी घेऊन ती पाण्यात शिरली. "दादानू, ही जरा हातात घालतास?"

गौरेशने पट्टी घेतली, बघितली आणि वाळूवर भिरकावली. "माका काय झाला नाय! ज्येका झाला त्येका घाल!" मग त्याची नजर लवूवर गेली. "आणि तू? परत बांधूक इलंस?"

लवू जागच्या जागी थिजला.

"रुग्णाची संमती आढळली नाही," गाडी म्हणाली. "फेरी दहा मिनिटांत रद्द होईल."

रद्द झाली तर तालुक्याहून दुसरी गाडी यायला दुपार उलटणार. तोवर पाणी त्याच्या गळ्याशी येणार. मी नुसती वाळूत येरझाऱ्या घालत होते. पायाला लाल पट्टी लागली. मी ती उचलली आणि गौरेशचं शेवटचं वाक्य पुन्हा माझ्या डोक्यात वाजलं. ज्येका झाला त्येका घाल.

माझा नवरा स्वतःसाठी कधी डॉक्टरकडे गेलेला नाही. दाढ दुखली तर लवंग धरून बसेल. पण गेल्या पावसाळ्यात बाबलकाकांना साप चावला, तेव्हा स्वतःची अवस्था धड नसताना त्यांना पाठीवर घेऊन, चिखल तुडवत, दवाखान्याच्या दारापर्यंत पळाला होता. दुसऱ्याचं म्हटलं की त्याच्यात दहा माणसांचं बळ येतं. आजसुद्धा तो स्वतःसाठी पाण्यात उभा नव्हता. गावासाठी उभा होता.

मी लवूसमोर लाल पट्टी धरली. "ही तू घाल."

त्याला लगेच कळलं. रापणीचा माणूस, डोकं चालतं. पण हात पुढे आला नाही.

"वयनी, लाल पट्टी हाताक लागली की नाव संकटाच्या नोंदीत जाता. नोंदीत नाव इला की तांडेलाचो परवानो बंद. बोट दुसऱ्याक दितले."

"माहीत आहे मला."

"तरी मागतास?"

"तरी मागते."

ज्याचं तोंड बघायचं नाही म्हणून मी रस्ता बदलत होते, त्याच्याकडे त्याची भाकरी मागत होते. लाज वाटली का? वाटली. तरी हात मागे घेतला नाही. लवूने एकदा जेट्टीकडे बघितलं, पांढरी पट्टी सोडून माझ्या हातात दिली आणि मनगट पुढे केलं. "बांध गे, मनाली."

"रुग्ण स्थिर आहे," गाडी म्हणाली. "संकट आढळले नाही. फेरी नाकारण्यात येत आहे."

मी गाडीला अशी शिवी दिली, की बाबलकाकांनीसुद्धा मान फिरवली.

लवूने एप्रन काढून टाकला आणि तो चालत दुसऱ्या दोराकडे गेला. वाळूतलं टोक उचललं, कमरेला एक वेढा दिला, टाचा रुतवल्या आणि गौरेशकडे तोंड करून उभा राहिला.

मनाली माझ्याजवळ पुटपुटली, "वयनी, ह्यो काय करता ठाव आसा? मेळ दोन्ही बाजूंनी चालता. शांत माणूस दुसऱ्याक शांत करता तसो..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. गरजही नव्हती. लवू गौरेशला वर काढायला नाही, त्याच्यात उतरायला निघाला होता.

"होऽऽ य्या!" लवूने हाक दिली.

गौरेश दचकला. कितीतरी वर्षांनी समोरच्या टोकावर त्याचा जोडीदार होता. क्षणभर त्याला विश्वास बसला नसावा. मग त्याचे हात आपोआप दोरावर गेले. "होऽऽ य्या!"

दोघे ओढायला लागले. रापण ओढताना माणूस मागे मागे चालतो, समुद्राकडे तोंड करून किनाऱ्याकडे सरकतो. गौरेश एक पाऊल मागे आला. मग आणखी एक. पाणी कमरेवरून मांड्यांवर उतरलं. गर्दीतून चार पोरं पुढे झाली, तशी मी त्यांना हाताने अडवलं. दोघांच्या मध्ये कोणी यायला नको होतं.

मनालीच्या फोनवर लवूच्या संकटाचा आकडा चढत होता. त्याचे श्वास तुटायला लागले, डोळे गौरेशवर खिळलेले. हाक दिली की ती अर्ध्यावर फाटत होती. गौरेशच्या आत आठवडाभर जे घोंघावत होतं, ते दोरावरून नाही तर नजरेवरून, श्वासावरून लवूच्यात शिरत होतं, आणि तो दार उघडं ठेवून उभा होता. मला त्याची भीती वाटली, त्याच्यासाठी भीती वाटली. थांब म्हणावंसं वाटलं आणि मी थांब म्हटलं नाही.

जाळं वाळूला लागलं. आत मूठभर तारल्या आणि एक खेकडा. गौरेश कोरड्या वाळूत उभा होता. लवू गुडघ्यांवर कोसळला, आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला.

"मी बांधललंय त्येका, वयनी. दुसऱ्या कोणी बांधल्यान असता तर हात मोडले असते, म्हणान गाठ मी मारलंय. तो माझ्याकडे बघी होतो. अजून बघता. रात्री डोळो लागलो की बघता..."

इतकी वर्षं मी समजत होते, की भांडण मासळीचं आहे.

"रुग्ण संकटात आहे," गाडी म्हणाली. "कृपया सोबत्याची पट्टी बांधावी."

गौरेश लवूकडे बघत होता. "ह्येका काय झाला?"

"बरं नाहीये त्याला," मी म्हणाले. आता हे खोटंही राहिलं नव्हतं. "दवाखान्यात न्यायला हवं. सोबतीशिवाय गाडी हलत नाही."

"मगे तू जा."

"माझा मेळ बसत नाही. तुमचा बसतो."

त्याने कमरेच्या दोराकडे बघितलं, जाळ्याकडे बघितलं. "आणि गाव?"

"गाव मी धरते."

"तू सोडशीत."

"नाही सोडणार."

त्याने कमरेचा वेढा सोडला आणि दोर माझ्या हातात दिला. ओला, जड, खारट दोर. संसारात पहिल्यांदाच त्याने तो मला धरायला दिला होता. मनगट मनालीपुढे करून तो म्हणाला, "घट बांध गे. सुटता नये." वाकून लवूच्या काखेत हात घातला, त्याला उभा केला, आणि दोघं स्वतःच्या चार पायांनी गाडीत चढले.

"मेळ: अठ्ठ्याऐंशी," गाडी म्हणाली. "आपला प्रवास सुखाचा होवो."

गाडी सुरूंच्या आड गेली. गर्दी पांगली. मी दोर धरून उभी राहिले. बाबलकाका म्हणाले, "आता सोड गे, जाळा भायर इला." मी सोडला नाही. वेडेपणा म्हणा. शब्द दिला होता.

मनाली फोन घेऊन माझ्याशेजारी वाळूत बसली. दोन रेघा होत्या, एक लाल, एक पांढरी, दोन्ही वरच्या वर धडधडत. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. दोघांचेही ब्रेक सैल, उसना द्यायचा कोणी कोणाला? प्रशिक्षणात असं काही सांगितलेलंच नव्हतं. वाटेतला कुडावळचा घाट यायच्या आधी एक रेघ हळूहळू उतरायला लागली.

"लाल का?" मी विचारलं.

"नाय," मनाली म्हणाली. "पांढरी."

दुसऱ्याला सांभाळायचं म्हणून माझ्या नवऱ्याने स्वतःला आवरलं होतं. थोड्या वेळाने लाल रेघही तिच्या मागोमाग खाली आली. तेव्हा मी वाळूत बसले आणि पदरात तोंड घालून मनसोक्त रडले. दोर हातातच होता.

*

उपचार केंद्रातल्या डॉक्टरीणबाई शहाण्या निघाल्या. दार उघडताच कोण कोणाला घेऊन आलंय हे त्यांनी ओळखलं, पण पट्ट्या बदलल्या नाहीत. रुग्णाजवळ सोबत्याला राहता येतं म्हणाल्या. गौरेश राहिला. सोबत्याने झोप घ्यायला हवी म्हणाल्या, त्यासाठी गोळी दिली, त्याने घेतली. काही दिवसांनी त्यानेच जाऊन सांगितलं, "बाय, माका पण वायच तपासा." लवूलाही त्यांनी तपासलं आणि झोपेच्या औषधांची चिठ्ठी हातात ठेवली. लाल पट्टीचा अगदीच अपमान झाला नाही.

दोघं परत आले. लवूची बोट दुसऱ्याकडे गेली होती. त्याची बायको माझ्याशी बोलत नाही, आजही नाही. तिचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. लवू पुन्हा रापणीवर आला. मासळी कमी, वाटा त्याहून कमी. पर्ससीनच्या बोटी रोज आमच्या डोळ्यांदेखत जातात आणि त्यांतल्या एकीवर त्याची जागा होती.

मग योजनेची तपासणी करायला जिल्ह्याहून वाघचौरे मॅडम आल्या. लेखापरीक्षक. दमलेल्या, सरळ बाई. खानावळीत जेवायला बसल्या आणि जेवताजेवताच म्हणाल्या, "फेरीची नोंद जुळत नाही. रुग्ण म्हणून गेले मेतर, उपचार मुख्यतः झाले कुबलांवर. शासनाचा पैसा चुकीच्या माणसावर खर्च झाला, असं दिसतं. मी नोंद दुरुस्त करून देते. कुबल रुग्ण, मेतर सोबती. मेतरांचा परवानाही मोकळा होईल."

लवू आणि गौरेश पलीकडच्या बाकावर जेवत होते. लवूची बोट एका सहीच्या अंतरावर होती. मी वाढता वाढता थांबले. मनातल्या मनात म्हणाले, घे. बाबा, घे, माझ्या डोक्यावरचं एवढं ओझं तरी उतरव.

लवूने हातातला घास खाल्ला. "मॅडम, लिवलेला आसा तसाच रवांदे."

"अहो, पण ते चूक आहे."

"चूक नाय. पुढच्या खेपेक काय करशात? ह्यो लाल पट्टी घालूचो नाय. ह्येच्या बापाशीन सांगितल्यान तरी घालूचो नाय. खुळो मी असलंय, तर ह्यो सोबतीक चढतलो."

"पुढची वेळ येईलच असं नाही," मॅडम म्हणाल्या.

"येतली," गौरेश म्हणाला. ताटाजवळची गोळी उचलून त्याने तोंडात टाकली, वर पाणी प्यायला. "मी गोळी चुकवतंय कधी कधी. खरा सांगतंय. माझ्यासाठी जावक माका जमणा नाय. ह्येच्यासाठी जातलंय."

मॅडमनी नोंदींचा टॅब बंद करून बाजूला ठेवला. त्यांना माझी दया आली असावी, कारण पिशवीतून दोन पट्ट्या काढत त्या मला म्हणाल्या, "ताई, तुमचा मेळ पुन्हा मोजायचा का? आता बसेल कदाचित. पत्नी सोबती असली की नोंदीला बरं दिसतं."

मी गौरेशकडे बघितलं. तो ताटात डोकं घालून हसू दाबत होता. एकवीसचा आकडा त्यालाही पाठ होता.

"नको," मी म्हणाले. "गाडीत जागा दोनच. दोर धरायला किनाऱ्यावर कोणीतरी लागतं."

मॅडमनी पट्ट्या पुन्हा पिशवीत घातल्या आणि आणखी एक बांगडा मागितला.